दिवंगत तज्ज्ञाचा हयातीचा दाखला

"जगातला कुठलाही खोटा कॅमेरा माझ्यासमोर दोन मिनिटांच्या वर खरा राहू शकत नाही," असं एवारिस्तो एचेगोयेन यांनी बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जाहीर केलं. "माणसाला फसवता येतं, सरकारला फसवता येतं, पोपलाही येत असेल. या डोळ्याला नाही." एवढं बोलून त्यांनी तुंब्यातल्या येर्बाचा, म्हणजे तिकडच्या पाल्याच्या चहाचा, कडू घोट नळीने ओढला, डोळे मिटले आणि समाधानाने मान हलवली. "आणि ही येर्बा बघ. अस्सल ती अस्सल. चाळीस वर्षांत या डब्याखेरीज दुसरी तोंडाला लागली नाही आपल्या."

शेजारी त्यांची बायको सुल्मा थर्मास घेऊन बसली होती. त्या लाल डब्यात गेले आठ महिने ती कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त, सुटी येर्बा भरत होती. तिने फक्त थर्मासमधलं पाणी तुंब्यात ओतलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

एवारिस्तोंना उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओत, सगळे 'मास्तर' म्हणत. गोएस भागात अडतीस वर्षं त्यांचं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे लोक फोननेच फोटो काढायला लागले, आणि फोन बिघडला की दुरुस्त न करता नवा घ्यायला लागले, तेव्हा मास्तरांनी दुकानाचं शटर ओढलं. हत्यारं घरी आणली. लेकीने टाकून दिलेला कॉम्प्युटर टेबलावर मांडला आणि इंटरनेटवरचे जुन्या कॅमेऱ्यांचे लिलाव ते असे बघू लागले, जसं दुसरं कुणी निवृत्तीनंतर फुटबॉल बघतं, म्हणजे बसल्या जागी आणि आरडाओरडा करत.

नुसतं बघून मात्र ते थांबत नसत. हौशी संग्राहकांचा एक गट होता, त्यावर ते 'छोटं चाक' या टोपणनावाने लिहीत. नाव उगीच घेतलेलं नव्हतं. अस्सल जुन्या लायका या जर्मन कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढली की आत, वरच्या बाजूला, एका दांडीच्या टोकाला एक इवलंसं गोल चाक दिसतं. रशियात त्या कॅमेऱ्याची नक्कल झाली, त्यात चाकाच्या जागी तिरकं, चपटं पातं बसवलेलं असतं. बाहेरून कितीही सोन्याचा मुलामा द्या, मगरीचं कातडं चिकटवा, जर्मन अक्षरं कोरा. चाक आहे का पातं, एवढं बघितलं की संपलं. विकणाऱ्यांच्या भाषेवरही मास्तरांचा दात होता. 'चालू स्थितीत, फक्त शटर आणि पडदा बघून घ्यावा' हे वाक्य त्यांनी वहीत उतरवून ठेवलं होतं. लेन्सला बुरशी आली की वर्णनात 'काळाची हलकी छटा' येई. एक जण दर पंधरवड्याला 'आजोबांच्या कपाटात सापडलेला' कॅमेरा विकायला काढायचा. चौदाव्या कॅमेऱ्याला छोट्या चाकाने जाहीर विचारलं होतं, "आजोबा अजून कपाटातच आहेत का?"

त्या बुधवारी पडद्यावर जो कॅमेरा आला, तो मात्र साधासुधा नव्हता. 'ग्राफ स्पे युद्धनौकेवरच्या अधिकाऱ्याचा लायका. अस्सल. प्रमाणपत्रासह. लिलाव रविवारी दुपारी एक वाजता बंद.'

मास्तरांना हसू फुटलं. एकोणचाळीस सालच्या डिसेंबरात ते जर्मन जहाज मार खाऊन मोंतेविदेओच्या बंदरात शिरलं आणि चार दिवसांनी कप्तानाने शहरासमोरच सुरुंग लावून ते बुडवलं. त्याला जितकी वर्षं झाली, तितका शहरातला त्या जहाजाचा माल वाढत गेला. ग्राफ स्पेचा चमचा नाही असं घर मोंतेविदेओत शोधूनच काढावं लागेल. आता त्यात कॅमेरा.

"सुल्मा, घड्याळ लाव."

कॅमेऱ्यावर गरुड कोरलेला होता. गरुड कमी आणि भाजायला टांगलेली कोंबडी जास्त. खाली नांगर. तिसऱ्या फोटोत विकणाऱ्याने आतली स्वच्छता दाखवायला लेन्स काढून ठेवली होती. मास्तरांनी फोटो मोठा केला. तिरकं, चपटं पातं.

"एक मिनिट चाळीस सेकंद," सुल्मा म्हणाली.

मास्तरांनी दोन बोटांनी, पण तलवार चालवावी तसं टाइप केलं: 'हा रशियन कॅमेरा आहे. पन्नासनंतरचा. ग्राफ स्पे बुडालं तेव्हा याचं लोखंड अजून जमिनीत होतं. आणि याला प्रमाणपत्र देणारा गाढव कोण, ते कळलं तर बरं होईल.' पाठवून दिलं. मग, गाढव बघावा म्हणून, पान खाली सरकवलं.

प्रमाणपत्राचा फोटो होता. पिवळट कागद, निळा शिक्का. 'हा कॅमेरा मी स्वतः तपासला असून तो अस्सल आहे.' खाली तारीख, मे १९८८. खाली सही. सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून पूर्ण नावाखालून गेलेली. त्याखाली विकणाऱ्याने भक्तिभावाने लिहिलं होतं: 'दक्षिण अमेरिकेतली सर्वांत अचूक नजर, दिवंगत एवारिस्तो एचेगोयेन यांच्या हस्ताक्षरात.'

मास्तरांनी पान वर नेलं, पुन्हा खाली आणलं, तेव्हा सुल्माने येऊन चष्मा लावला आणि वाकून वाचलं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "ही शेपटी तुझी आहे."

"माझीच."

"आणि दिवंगत?"

"तेही मीच दिसतोय."

अठ्ठ्याऐंशीचा तो मे महिना मास्तरांना विसरता आलेला नव्हता, पण त्यातला हा कागद ते विसरले होते. त्याच्या चार महिने आधी त्यांचे वडील गेले होते. वडिलांनी ते जहाज जळताना समुद्रकाठच्या गर्दीत उभं राहून बघितलं होतं, आणि पुढची अठ्ठेचाळीस वर्षं दर रविवारी, शेवयांच्या ताटावर, ते ती गोष्ट सांगत. त्यात एक तुकडा कधी बदलत नसे. बंदराजवळ एका जर्मन अधिकाऱ्याने गळ्यातला छोटा कॅमेरा उचलून त्यांचा फोटो काढला होता. 'म्हणजे मी कुठल्यातरी जर्मन कॅमेऱ्यात अजून तरुण आहे,' असं म्हणून ते शेवयांवर चीज किसून घेत. मग मे महिन्यात एक अनोळखी माणूस दुकानात आला आणि काउंटरवर कॅमेरा ठेवून म्हणाला, ग्राफ स्पेवरचा आहे. लेन्स आट्यांत घट्ट बसली होती. 'समुद्राचं पाणी,' तो माणूस म्हणाला. एरवी मास्तरांनी तेल सोडून दहा मिनिटांत ती फिरवली असती. त्या दिवशी त्यांना तो कॅमेरा नुसता हातात धरावासा वाटला. धरला. आणि सही केली.

दुपारपर्यंत गटावर छोट्या चाकाची धुलाई सुरू झाली होती. 'एचेगोयेनना गाढव म्हणणारा तू कोण?' 'त्यांनी जे हातात घेऊन बघितलं, ते तू फोटोत बघून शिकवणार?' सगळ्यात जोरात होता दुराझ्नो गावचा लिबेर माचिन, तारखात्यातून निवृत्त झालेला, आणि आत्तापर्यंतची सर्वांत मोठी बोलीही त्याचीच होती. त्याने लिहिलं: 'मी मोटरसायकल विकायला काढली आहे. एचेगोयेन यांची सही असेल तर मी डोळे मिटून घेतो. त्यांच्या अंत्ययात्रेला मी स्वतः हजर होतो.'

"सुल्मा, हा माझ्या अंत्ययात्रेला होता म्हणतो."

"ती अंत्ययात्रा तुझ्या चुलतभावाची, एउसेबियोची. बेकरीवाला. तुझंही आडनाव तेच." सुल्माने बिस्किटाचा तुकडा मोडला. "तरी त्या दिवशी कोपऱ्यात एक जण उभा राहून रडत होता, आणि आपल्यातला कुणी त्याला ओळखत नव्हता."

मास्तरांनी लिलावाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"ते प्रमाणपत्र चुकीचं आहे," मास्तर म्हणाले. "ते रद्द करायचंय."

"प्रमाणपत्र फक्त ज्यांनी दिलं तेच रद्द करू शकतात, सेन्योर. आणि आमच्या नोंदीनुसार ते हयात नाहीत."

"मीच तो. मी बोलतोय."

मग मुलगी हळुवारपणे म्हणाली, "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. आपण त्यांचे जवळचे होता का?"

"बऱ्यापैकी."

"मग वारस म्हणून अर्ज करा ना. ते लवकर होतं."

सुल्माने सगळं ऐकलं होतं. "मी करते की अर्ज. विधवा म्हणून. बघ, तू मेलेला असलास की किती कामं सोपी होतात." मग ती टेबलाशी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नाहीतर असं कर. काहीच करू नकोस. मेलेल्या माणसाची चूक कुणी काढत नाही. रविवारपर्यंत चारच दिवस मेलेला राहा. नाव तरी स्वच्छ राहील."

"आणि लिबेर माचिनची मोटरसायकल?"

"त्याला तू ओळखतोस का?"

"तो माझ्या अंत्ययात्रेला आला होता, सुल्मा." मास्तर उठले आणि टोपी शोधू लागले. "रडला म्हणालीस ना?"

गुरुवारी सकाळी ते थर्मास काखेत मारून त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावर गेले. विकणारा एदिसोन तारिगो याचं तिथे जुन्या वस्तूंचं दुकान होतं. काचेच्या कपाटात ग्राफ स्पेचे अकरा चमचे, ग्राफ स्पेच्या दाराची मूठ आणि ग्राफ स्पेच्या कप्तानाचा कंगवा मांडलेला होता. ते जहाज सुरुंगाने बुडालं की चमच्यांच्या वजनाने, असा प्रश्न कुणालाही पडावा.

एदिसोनने मान वर केली आणि त्याच्या हातातला फडका पडला.

"मास्तर! अहो, तुम्ही तर वारलात!"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. मी स्वतः हळहळलो होतो. बसा, बसा. रंग चांगला आहे तुमचा."

"तो कॅमेरा खोटा आहे, एदिसोन."

"खोटा कसा? तुमची सही आहे त्यावर."

"सही खरी आहे. कॅमेरा खोटा आहे."

एदिसोनने बोटांवर मोजलं. "सही खरी. कागद खरा. शिक्का खरा. चारातल्या तीन गोष्टी खऱ्या निघाल्यावर माणसाने आणखी किती प्रामाणिक असावं, मास्तर?"

"लेन्स काढलेल्या फोटोत पातं दिसतंय. तूच टाकलायस तो फोटो."

"पातं-बितं मला काय कळतं? मी कागदावर घेतला, कागदावर विकतोय. मलाही कुणीतरी तुमच्याच सहीवर गळ्यात मारलाय तो." हे खरं होतं, आणि ते बोलताना एदिसोनचा आवाज पहिल्यांदाच विकणाऱ्यासारखा राहिला नाही. मग त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं. "एक विचारू? तुम्ही जिवंत आहात हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"बायकोला."

"तिला समजावता येईल. बघा, मेलेल्या तज्ज्ञाला किंमत असते, आणि जिवंत तज्ज्ञ म्हणजे नुसता एक म्हातारा. रविवारी दुपारी एकपर्यंत घरात बसा. टीव्ही बघा. मी काही तुम्हाला मरायला सांगत नाहीये, फक्त बाहेर पडू नका म्हणतोय." तो जवळ सरकला. "आणि अजून एक. असे कागद तुम्ही किती लिहिलेत?"

"एक्केचाळीस."

"हा एक खोटा म्हटलात, तर उद्या लोक उरलेले चाळीसही उन्हात धरून बघतील. एका कॅमेऱ्यापायी एवढं नाव मातीत घालायचं?"

मास्तरांनी थर्मास काखेत नीट बसवला. हाच प्रश्न ते स्वतःला रात्रभर विचारत होते, त्यामुळे उत्तर तयार होतं. "बघू देत," ते म्हणाले. "तो कंगवा केवढ्याला?"

"कप्तानाचा? तुम्हाला म्हणून..."

"कप्तानाला टक्कल होतं का, ते विचारायचं होतं." आणि ते बाहेर पडले.

उरुग्वेत एखादी गोष्ट नोटरीने लिहून दिल्याशिवाय घडलेली धरत नाहीत. माणूस जन्मतो, लग्न करतो, घर घेतो, पण नोटरीच्या शिक्क्यापर्यंत ते सगळं अफवेच्या पातळीवर असतं. मास्तर थेट नोटरी बेंतांकोर बाईंकडे गेले. बाई चाळिशीच्या, कडक आणि घाईत असत. त्यांच्या दाराशी पेन्शनवाल्यांची रांग होती, कारण वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही की पेन्शन बंद.

"हयातीचा दाखला?" बाईंनी न बघता विचारलं. "पेन्शनसाठी?"

"नाही. मी चुकलो, हे सांगण्यासाठी."

बाईंनी मान वर केली. "त्यासाठी बहुतेक लोक मरायची वाट बघतात."

"मी मरूनही बघितलं. पण त्यात माझी चूक आणखी पक्की झाली." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

बाईंनी ओळखपत्र तपासलं, मास्तरांकडे तपासून बघितलं, आणि संगणकावर भरभर टाइप करत मोठ्याने वाचत गेल्या. "माझ्यासमोर उपस्थित झालेले, मला जिवंत दिसणारे..."

"दिसणारे?"

"मी डॉक्टर नाही, सेन्योर. मी दिसतं ते लिहिते. ...जिवंत दिसणारे श्री. एवारिस्तो एचेगोयेन असं निवेदन करतात की मे १९८८ मध्ये त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र चुकीचं आहे. सदर कॅमेरा जर्मन बनावटीचा नसून रशियन बनावटीचा आहे. बरोबर? कारण?"

"लेन्स न काढता तपासला."

बाईंनी लिहिलं. "लेन्स का नाही काढली?"

बाहेर रांगेतला एक म्हातारा खोकत होता. मास्तर टोपीची कड फिरवत बसले.

"ते कागदात लागतं का?"

"मला लागत नाही. पण वाचणारा विचारेल. अडतीस वर्षं हेच काम करणारा माणूस लेन्स काढायला कसा विसरतो?"

"विसरलो नव्हतो," मास्तर म्हणाले. "वडील गेले होते. मला तो खरा असायला हवा होता."

बाईंची बोटं थांबली. मग त्यांनी नेहमीच्याच वेगाने टाइप केलं, आणि वाचून मात्र दाखवलं नाही. कागद छापून निघाला, शिक्का बसला. दाराशी पोचलेल्या मास्तरांना त्या म्हणाल्या, "आता आलाच आहात तर पेन्शनचाही करून घ्या. रांग परत लावायला नको."

शुक्रवारी लेकीने कागद स्कॅन करून लिलावाच्या कंपनीला पाठवला. शनिवारी उत्तर आलं की आपली तक्रार महत्त्वाची असून ती योग्य विभागाकडे आहे. रविवारी बाराला मास्तर कॉम्प्युटरसमोर बसले. लिबेर माचिनची बोली वर होती. सव्वाबाराला तिच्यावर दुसरी आली, वीस मिनिटांनी लिबेरने ती ओलांडली. म्हणजे मोटरसायकल गेली, मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी गोड आवाजाच्या मुलीला पुन्हा फोन लावला. ती मुलगी रविवारी नसते, असं एका यंत्राने सांगितलं.

तेव्हा त्यांनी गटावर लिहिलं. या वेळी दोन बोटांनी, सावकाश, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने.

'मी एवारिस्तो एचेगोयेन. छोटं चाक मीच. मी मेलेलो नाही, सोबत दाखला जोडला आहे. प्रमाणपत्र देणारा गाढवही मीच. लिबेर माचिन, बोली लावू नकोस.'

आणि खाली नोटरीचा कागद, त्यात वडिलांचं वाक्य धरून, सगळा.

एक वाजायला सहा मिनिटं असताना तो कॅमेरा पडद्यावरून नाहीसा झाला. जागी एक ओळ उरली: 'हा लिलाव मागे घेण्यात आला आहे.' तो कंपनीने काढला का एदिसोनने, हे मास्तरांना कधीच कळलं नाही. सुल्माचं म्हणणं पडलं की एदिसोनने. मास्तरांना तसं वाटत नव्हतं, पण पुढे त्या रस्त्यावरून जाताना ते एदिसोनला हात करायला लागले.

मग लोक बोलू लागले. कुणी लिहिलं, धन्य. कुणी लिहिलं, आता उरलेल्या कागदांचं काय? आणि लिबेर माचिनने लिहिलं: 'मोटरसायकलचा विसार मी काल घेतला. आज परत केला, वर शिव्या खाल्ल्या. मेलेले एचेगोयेन जास्त भरवशाचे होते. मला त्या दिवशीच वाटलं होतं, कॅमेरेवाल्याच्या अंत्ययात्रेला इतके बेकरीवाले कसे!'

मास्तरांनी त्याच दिवशी आणखी एक सूचना टाकली. माझ्या सहीचे एकूण एक्केचाळीस कागद आहेत. ज्यांच्याकडे ते असतील त्यांनी कॅमेरा घेऊन यावं. मी समोर लेन्स काढून दाखवीन. खोटा निघाला तर खोटा असं लिहून देईन. पैसे घेणार नाही.

"एक्केचाळीस लोक घरात येणार?" सुल्माने विचारलं.

"चाळीस. एक झाला."

"आणि त्यातले अर्धे खोटे निघाले तर?"

"तर अर्धे निघाले." मास्तर हत्यारांची पेटी उघडून एकेक पेचकस पुसत होते. "मी मेल्यावर निघण्यापेक्षा माझ्यासमोर निघू देत. एकदा मेलो, तेव्हा काय झालं ते बघितलंस ना?"

पहिला आला तो अकरा दिवसांनी, दुराझ्नोहून बसने, मांडीवर बुटांचं खोकं घेऊन. बुटका, जाड मिशांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दारात उभा राहून त्याने मास्तरांना खालून वर बघितलं.

"लिबेर माचिन," तो म्हणाला. "मी तुमच्यासाठी फुलं आणली होती. त्या वेळी."

"कळलं मला. आभारी आहे."

"बेकरीवाल्याला गेली ती."

"त्यालाही आवडली असती. या, बसा."

खोक्यात लायका होता. सोबत सतरा क्रमांकाचं प्रमाणपत्र, १९९१ सालचं, शेपटीवाल्या सहीचं. लिबेरने बायकोला न सांगता, बाजारात, त्या कागदाच्या भरवशावर घेतलेला. आजवर तो कुणाला हात लावू देत नसे, स्वतःही फार लावत नसे.

मास्तरांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं. सुल्मा पाणी ठेवायची थांबली. मास्तरांनी लेन्सला हात घातला आणि फिरवली. फिरली नाही. लिबेर म्हणाला, "घट्ट आहे थोडी, राहू द्या हवं तर."

"नाही," मास्तर म्हणाले, "या वेळी नाही." त्यांनी सुईच्या टोकाने तेलाचा थेंब सोडला. दहा मिनिटं तेल मुरू दिलं, लिबेर मधूनमधून मिशी ओढत होता. मग मास्तरांनी फडक्याने पकड घेतली, एकदा, दोनदा, आणि आटे सुटले. लेन्स हातात आली. त्यांनी कॅमेरा उजेडाकडे धरला आणि आधी स्वतः न बघता लिबेरसमोर केला.

"काय दिसतं? वरच्या बाजूला."

लिबेरने एक डोळा मिटला. "गोल," तो म्हणाला. "गोल आहे. चाक आहे! छोटं चाक आहे, मास्तर!"

मास्तरांनी बघितलं. चाक होतं. त्यांनी बोटाच्या नखाने ते हलकेच फिरवलं, आणि मग खुर्चीला पाठ टेकली.

"सेन्योरा," लिबेर सुल्माला म्हणाला, आणि त्याचे डोळे पाणावले होते, "तुमचे यजमान जिवंत आहेत!"

"मला थोडाफार अंदाज होता," सुल्मा म्हणाली, आणि लाल डबा काढला. तुंबा भरला, पहिला घोट रीतीप्रमाणे स्वतः घेतला, पुन्हा पाणी ओतलं आणि पाहुण्याच्या हातात दिला.

लिबेरने नळीने एक घोट ओढला. थांबला. डब्याकडे बघितलं, तुंब्यात वाकून बघितलं, आणि सभ्य माणूस असल्यामुळे अगदी हळू म्हणाला, "सेन्योरा, राग मानू नका. ही त्या डब्यातली नाही."

"म्हणजे?"

"डबा त्याचाच आहे. आतली सुटी आहे, दुकानात गोणीतून देतात ती. तारखात्यात तीस वर्षं हीच प्यायलो आम्ही, मी झोपेतही ओळखीन. वाईट नाही हं. पण ती नव्हे."

मास्तरांनी सुल्माकडे बघितलं. सुल्माने खिडकीबाहेर बघितलं, पण या वेळी बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"आठ महिने."

"आठ महिने?"

"इंटरनेटचं बिल मग कुठून भरायचं होतं?"

लिबेरने तुंबा संपवून परत केला. सुल्माने तो पुन्हा भरला आणि नवऱ्यासमोर धरला. मास्तरांनी तो दोन्ही हातांत घेतला. सतरा नंबरचा कॅमेरा पांढऱ्या कापडावर उघडा पडला होता. अजून एकोणचाळीस यायचे होते. मास्तरांनी नळी तोंडात धरली आणि डोळे उघडे ठेवून, जिभेवर घोळवत, एक लांब घोट घेतला. मग आणखी एक. लिबेर आणि सुल्मा दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होती, निकालाची वाट बघत.

"सुल्मा," शेवटी मास्तर म्हणाले, "पाणी गार झालंय. जरा गरम करतेस?"